लिनक्सवर दोन नोडचं हाय-अवेलेबिलिटी एनएफएस स्टोरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, चाकण, कोल्हापूर भागातल्या कारखान्यांत, डिझाइन ऑफिसांत आणि रुग्णालयांत मी असे क्लस्टर, म्हणजे एक पडला तर दुसरा त्याचं काम उचलेल अशा सर्व्हरच्या जोड्या, उभे करून देतो. जोडीतला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. पहिल्या भेटीत आणि पहिल्या बिघाडानंतर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. सगळं अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी ९, डीआरबीडी ९, कोरोसिंक ३, पेसमेकर २.१ आणि एनएफएस ४ (नेटवर्कवरून फाइली वाटून देणारी पद्धत) धरून आहे. डेबियन-उबुंटूवर कमांड बदलतात, तत्त्व तेच राहतं.

आमच्या सर्व्हरला रेड आहे, दोन पॉवर सप्लाय आहेत. मग क्लस्टर कशाला?

रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी डिस्कची जोडणी) डिस्क सांभाळतं, सर्व्हर नाही. मदरबोर्ड गेला, रेड कार्ड बसलं, रॅमची पट्टी खराब झाली, कर्नल पॅनिक झाला, की डेटा शाबूत असतो पण कोणाच्याच हाती लागत नाही. सुटा भाग यायला एक दिवस लागला तर तो पूर्ण दिवस बंद. वर्षाला ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५२ मिनिटं. एका सर्व्हरवर पहिला आकडा नशिबाने जमतो, दुसरा जमत नाही.

तरीही मी आधी एकच गोष्ट विचारतो: अर्धा दिवस स्टोरेज बंद राहिलं तर तुमचं काय अडतं? फारसं अडत नसेल तर क्लस्टर घेऊ नका. चांगला बॅकअप आणि कपाटात एक तयार सर्व्हर ठेवा. क्लस्टरला रोज पाहणारं माणूस लागतं, आणि ते नसेल तर दोन सर्व्हर एकापेक्षा जास्त त्रास देतात.

नेमकं काय काय उभं राहतं?

खालपासून वर सांगतो. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःच्या डिस्क, त्यावर एलव्हीएम, म्हणजे डिस्कच्या जागेचे हवे तसे भाग (व्हॉल्यूम) पाडणारा थर. त्यावर डीआरबीडी, जे एका सर्व्हरवर लिहिलेला प्रत्येक ब्लॉक नेटवर्कवरून दुसऱ्यावर लिहितं. फिलिप राइस्नर यांनी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात प्रबंधाचं काम म्हणून ते सुरू केलं आणि २०१० मध्ये कर्नल २.६.३३ पासून ते लिनक्समध्येच आलं. कर्नलमधली आवृत्ती मात्र ८.४ आहे. ९ हवी तर मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं, अल्मा-रॉकीवर ते ईएलरेपोत मिळतं.

डीआरबीडीवर एक्सएफएस फाइल सिस्टीम, त्यावर एनएफएस सर्व्हर, आणि सगळ्यांच्या वर एक तरता आयपी पत्ता. क्लायंट फक्त हा पत्ता ओळखतात. तो आज कोणत्या सर्व्हरवर आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

हे सगळं हलवणारे दोघे. कोरोसिंक दर क्षणी विचारतं, 'तू आहेस का?' (हाच ठोका.) पेसमेकर त्या उत्तरावरून ठरवतं की कोणती सेवा कुठे चालवायची. चढण्याचा क्रम ठरलेला: डीआरबीडी प्रायमरी (म्हणजे लिहिता येणारी बाजू, दुसरी सेकंडरी), मग माउंट, मग एनएफएस सर्व्हर, मग एक्सपोर्ट (फोल्डर क्लायंटना खुलं करणं), शेवटी आयपी. उतरताना उलटा. आयपी शेवटी का, तर तो आधी आला आणि एक्सपोर्ट अजून तयार नसेल तर क्लायंटला नकार मिळतो, आणि तो नकार त्यांना थांबण्यापेक्षा जास्त महागात पडतो.

याचाच दुसरा भाग लोक विसरतात: एनएफएस सर्व्हिस सिस्टमडीमधून (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) बूटला सुरू होता कामा नये, आणि हा माउंट एफएसटॅबमध्ये (बूटला आपोआप माउंट करायच्या यादीत) नको. कारभार पेसमेकरकडे दिला की पूर्ण त्याच्याकडेच द्यायचा.

यूट्यूबवर सगळे पहिल्यांदा स्टोनिथ बंद करतात. आम्हीही केलं तर?

नाही. बाकी कशावरही चर्चा करू, यावर नाही.

समजा दोन्ही नोड जिवंत आहेत, फक्त मधली केबल सुटली. दोघांनाही वाटतं की दुसरा मेला. दोघेही डीआरबीडी प्रायमरी करतात, दोघेही तोच आयपी घेतात. घर एक आणि कारभारी दोन. काही क्लायंट इकडे लिहितात, काही तिकडे, आणि तासाभराने तुमच्याकडे एकाच डेटाच्या दोन वेगळ्या प्रती असतात, दोन्ही अर्ध्या खऱ्या. हाच स्प्लिट ब्रेन. ब्लॉकच्या पातळीवर या प्रती आपोआप एकत्र होत नाहीत. एक ठेवायची, एक टाकायची.

स्टोनिथ या नावाचा अर्थच 'दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाल' असा आहे. उत्तर न देणाऱ्या नोडची वीज आधी तोडायची, तोडली गेल्याची खात्री करायची, मगच त्याचं काम उचलायचं. यालाच फेन्सिंगही म्हणतात. 'तो बहुतेक मेलाय' आणि 'तो नक्की बंद आहे' यात जेवढं अंतर आहे, तेवढंच तुमच्या डेटाचं आयुष्य आहे.

फेन्सिंग लावलं की प्रश्न संपला असंही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये गिटहबचे फाइल सर्व्हर पेसमेकर, हार्टबीट आणि डीआरबीडीच्या जोड्यांवर चालत होते. स्विचवर काम सुरू असताना नेटवर्क साधारण दीड मिनिट गोठलं. जोडीतल्या नोडना एकमेकांचा ठोका लागेना, म्हणून त्यांनी एकमेकांना बंद करायचे आदेश सोडले. नेटवर्क परतल्यावर ते आदेश पोचले आणि काही जोड्यांमधले दोन्ही नोड बंद पडले. पुढचे अनेक तास कोणत्या नोडवरचा डेटा खरा हे एकेका जोडीपुरतं तपासण्यात गेले. हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, आणि क्लस्टर उभारणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं.

त्यातून घ्यायचं ते असं. दोन नोडपैकी एकाला नियमाने आधी गोळी झाडू द्या. पेसमेकरमध्ये फेन्सिंग उपकरणाला काही सेकंदांची उशिराची मुदत देता येते. नोड एकला मारणाऱ्या उपकरणाला १० सेकंदांची मुदत दिली की बरोबरीची शर्यत होत नाही, एक जगतो. आणि सर्व्हरचं पॉवर बटण लॉगइंड सेवेत निकामी करून ठेवा. नाहीतर आयपीएमआयचा (सर्व्हरवरच्या दूरनियंत्रणाच्या चिपचा) 'बंद हो' आदेश आल्यावर लिनक्स शिस्तीत शटडाउन करायला बसतं आणि चार सेकंदांचं काम मिनिटभर चालतं.

दोनच सर्व्हर पुरतात का? तिसऱ्याची गरज काय?

डेटासाठी दोन पुरतात, मतासाठी तीन हवेत. दोन मतांमध्ये बहुमत होत नाही. कोरोसिंकमध्ये दोन नोडचा खास मोड आहे आणि भरवशाचं फेन्सिंग असेल तर तो चालतो. तरी मी आग्रहाने तिसरं छोटं मशीन लावतो. त्यावर फक्त क्यूनेटडी, म्हणजे तिसरं मत देणारा प्रोग्राम, चालतं, टीसीपी ५४०३ पोर्टवर. जुना डेस्कटॉपही पुरेल. अट एकच, ते या दोन सर्व्हरच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन नसावं. असं केलेलं मी पाहिलं आहे: साक्षीदार आरोपीच्याच घरी राहायला.

दोन नोडच्या मोडची आणखी एक गोष्ट. रात्री लाइट जाऊन दोन्ही बंद पडले आणि सकाळी एकच उठला, तर तो दुसऱ्याची वाट बघत थांबतो. फोन येतो, 'क्लस्टर हँग झालंय'. ते हँग नाही. शेवटचा डेटा कोणाकडे आहे हे त्याला माहीत नाही, म्हणून तो जबाबदारीने थांबला आहे. दुसरा नोड सुरू करा. दुसरा खरंच नादुरुस्त असेल आणि हा शेवटचा प्रायमरी होता हे लॉगमध्ये स्वतः पाहिलं असेल, तरच पुढे न्या.

लाइट गेली, एक नोड बंद पडला, पण दुसऱ्याने काम उचललंच नाही. असं का?

हा प्रसंग मी एका कारखान्यात पाहिला. जुलै महिना, रात्रीची पाळी, सीएनसीवर जाणारी ड्रॉइंग याच स्टोरेजवर. दोन नोड, दोन यूपीएस, फेन्सिंग लावलेलं, चाचण्या झालेल्या. पहिला यूपीएस बसला आणि नोड एक क्षणात विझला. नोड दोनने दोन-तीन सेकंदांत ओळखलं, आयपीएमआयवरून त्याला बंद करायचा आदेश दिला, आणि उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. पुन्हा नाही. मी पोचलो तेव्हा लॉगमध्ये तीच ओळ चाळीस मिनिटं उतरत होती.

कारण साधं होतं. आयपीएमआयची चिप त्याच सर्व्हरच्या विजेवर चालते. सर्व्हरची वीज गेली की चिपही गेली, आणि 'बंद आहे' असं सांगायला कोणी उरलं नाही. नोड दोनला कळायला मार्ग नव्हता की समोरचा मेलाय की नुसता नेटवर्कमधून तुटलाय. तो थांबला हे बरोबरच केलं. मी रॅकमागे जाऊन नोड एकचे दोन्ही दिवे विझलेले डोळ्यांनी पाहिले, मग पीसीएसच्या (क्लस्टर हाताळायचं साधन) स्टोनिथ कन्फर्म कमांडने सांगितलं की हा नोड खरोखर बंद आहे, आणि अर्ध्या मिनिटात ड्रॉइंग उघडायला लागली.

चूक वायरिंगची होती. नोड एकच्या दोन्ही पॉवर सप्लायच्या पिना एकाच यूपीएसच्या पट्टीत होत्या. रॅक लावणाऱ्याने जवळची पट्टी घेतली, आणि मी हस्तांतराच्या दिवशी मागे जाऊन वायर हाताने ओढून पाहिल्या नव्हत्या. आता पाहतो, प्रत्येक ठिकाणी, टॉर्च घेऊन.

उपाय दोन, दोन्ही करा. प्रत्येक सर्व्हरचा एक सप्लाय पहिल्या यूपीएसवर, दुसरा दुसऱ्यावर. आणि फेन्सिंगची दुसरी पायरी म्हणून नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारे दोन पीडीयू (वीज वाटणाऱ्या पट्ट्या). पहिल्या पायरीला आयपीएमआय, ते गप्प असेल तर पीडीयू. दोन्ही पीडीयू एकाच पायरीवर ठेवले की पेसमेकर आधी दोन्ही आउटलेट बंद करतं, मगच चालू करतं. वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवले तर एक बंद होतो, दुसऱ्यावर सर्व्हर आरामात चालू राहतो आणि क्लस्टरला मात्र वाटतं की तो मेला. यासारखं घातक दुसरं काही नाही.

आयपीएमआयला स्वतंत्र पोर्ट आणि शक्यतो स्वतंत्र स्विच द्या. बऱ्याच सर्व्हरवर ते मूळ सेटिंगमध्ये डेटाच्याच पोर्टवर बसलेलं असतं. मग डेटाचा स्विच गेला की ठोकाही जातो आणि गोळीही जाते.

नेटवर्क कसं ठेवायचं?

डीआरबीडीसाठी दोन सर्व्हरमध्ये थेट केबल, १० किंवा २५ गिगाबिट, मध्ये स्विच नको. कोरोसिंकला दोन वाटा द्या, एक या केबलवरून आणि एक ऑफिसच्या स्विचवरून. १ गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात, म्हणजे १० टेराबाइटची पहिली प्रत करायला २५ तास. फायरवॉलमध्ये हाय-अवेलेबिलिटी ही सेवा, एनएफएसचं २०४९ आणि डीआरबीडीचं पोर्ट, सहसा ७७८९, एवढं उघडं हवं. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) लावायची तर दोन्ही टोकांना. एकीकडे ९००० आणि दुसरीकडे १५०० असेल तर लहान पाकिटं जातात, मोठी अडकतात, आणि दिवस वाया जातो.

फेलओव्हर (सेवा दुसऱ्या नोडवर जाणं) अर्ध्या मिनिटात झाला, तरी क्लायंट दीड मिनिट का अडकून राहतात?

हे मोजणारा माणूस मला आवडतो. आमच्या उभारणीत ठोका चुकल्यापासून आयपी दुसरीकडे येईपर्यंत २० ते ३० सेकंद जातात. उरलेला वेळ एनएफएस ४ चा आहे.

एनएफएस ४ मध्ये सर्व्हर लक्षात ठेवतो की कोणी कोणती फाइल उघडली आहे आणि कोणाकडे कोणतं लॉक आहे. नवा सर्व्हर उठतो तेव्हा तो जुन्या क्लायंटना सवलतीचा काळ देतो: 'तुमची जी लॉक होती ती आधी परत घ्या.' या काळात नवी फाइल उघडणं किंवा नवं लॉक घेणं थांबवून ठेवलं जातं. लिनक्समध्ये हा काळ ९० सेकंद आहे. दोन्ही नोडच्या एनएफएस कॉन्फिगमध्ये लीज (क्लायंटचा लॉकवरचा हक्क नूतनीकरणाविना टिकण्याची मुदत) आणि ग्रेस (हा सवलतीचा काळ) दोन्ही २० सेकंदांवर आणा. ग्रेस लीजपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर लॉक परत घ्यायच्या आधीच दार बंद होतं.

याला जोडून एक गोष्ट हमखास राहते. कोण क्लायंट होते याची नोंद एनएफएस सर्व्हर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो, व्हार-लिब-एनएफएसमध्ये. ती नोंद डीआरबीडीवरच्या डिस्कवर हवी, म्हणजे ती पण सोबत जाते. एनएफएस सर्व्हरच्या रिसोर्स एजंटमध्ये (पेसमेकर ज्यातून सेवा सुरू-बंद करतं ती स्क्रिप्ट) त्यासाठी सामायिक फोल्डरचा पर्याय आहे. तो दिला नाही तर नवा सर्व्हर जुन्या क्लायंटना ओळखतच नाही आणि त्यांचा लॉकवरचा हक्क नाकारतो.

आवृत्ती ३ सोडून द्या. तिच्यात लॉकसाठी वेगळी सेवा, माउंटसाठी वेगळी, पोर्टमॅपर वेगळा. आवृत्ती ४ ला एक २०४९ पुरतं.

क्लायंटवर हार्ड माउंट की सॉफ्ट?

हार्ड. सॉफ्ट माउंट ठरावीक वेळानंतर प्रोग्रामला चूक परत देतो. पुष्कळ प्रोग्राम ती चूक नीट तपासत नाहीत, आणि अर्धी फाइल लिहून 'झालं' म्हणतात. हार्ड माउंट थांबतो आणि फेलओव्हर झाल्यावर जिथे होता तिथून पुढे जातो. आपण एवढा खटाटोप करतो तो याच अर्ध्या मिनिटाच्या थांबण्यासाठी.

एक्सपोर्टला एसिंक लावलं की वेग दुप्पट होतो. लावू का?

लावू नका. एसिंकमध्ये डेटा डिस्कवर जायच्या आधीच सर्व्हर क्लायंटला 'लिहिलं' असं सांगतो. त्याच क्षणी नोड पडला तर तो डेटा त्याच्या रॅमसोबत गेला. डीआरबीडीकडे तो कधी आलाच नव्हता, मग दुसऱ्या नोडवर कुठून असणार? क्लायंट मात्र समजतो की सगळं जागच्या जागी आहे. वेग हवा तर वीज गेल्यावर कॅश वाचवणाऱ्या सर्व्हर दर्जाच्या एसएसडी घ्या. पैसे तिथे घाला.

'स्टेल फाइल हँडल' येतं. आम्ही तर दर पाच मिनिटांनी आरसिंक करतो, आयपीही हलवतो.

म्हणूनच येतं. एनएफएस क्लायंट फाइलला नावाने धरत नाही. सर्व्हरने दिलेल्या हँडलने धरतो, आणि त्या हँडलमध्ये फाइल सिस्टीमची ओळख आणि आयनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत क्रमांक) असतो. आरसिंकने केलेल्या प्रतीत नावं तीच, आयनोड वेगळे. क्लायंट जुना क्रमांक घेऊन नव्या सर्व्हरकडे येतो आणि तिथे त्या क्रमांकावर कोणी नसतं, किंवा दुसरंच कोणी असतं. डीआरबीडी ब्लॉक जसाच्या तसा उचलतं, म्हणून आयनोड तेच राहतात. उरते ती फाइल सिस्टीमची ओळख, ती एफएसआयडी या पर्यायाने दोन्ही नोडवर सारखी द्या. आणि पाच मिनिटांपूर्वीची प्रत म्हणजे पाच मिनिटांचं गेलेलं काम, हेही आहेच.

एकदा इकडे, लगेच परत तिकडे हलवलं तर काही क्लायंट दहा-दहा मिनिटं अडकतात. हे काय?

पहिल्या नोडवर जुनी टीसीपी जोडणी मेलेली नसते. आयपी परत आल्यावर तो जुन्या क्रमांकावरून बोलतो, क्लायंट नव्या, आणि दोघांचा मेळ बसत नाही. पोर्टब्लॉक नावाचा रिसोर्स एजंट यासाठीच आहे: हलवताना २०४९ अडवून ठेवतो, आणि नंतर क्लायंटना हलकेच टोचून जोडणी नव्याने करायला लावतो. शिवाय रिसोर्स स्टिकिनेस वाढवून ठेवा, म्हणजे जुना नोड परत आला की सेवा आपोआप उड्या मारत नाही. परत न्यायचं असेल ते माणूस ठरवील, शांत वेळी.

सेफ किंवा ग्लस्टर का नाही?

सेफ आणि ग्लस्टर ही अनेक सर्व्हरवर डेटा पसरवणारी स्टोरेज. त्यातलं सेफ उत्तम आहे. सेज वाइल यांच्या सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून ते आलं आणि आज ते प्रचंड मोठे साठे सांभाळतं. पण ते डेटाच्या तीन प्रती धरून चालतं, किमान तीन आणि खरं तर चार सर्व्हर मागतं, आणि प्रत्येक डिस्कच्या सेवेसाठी साधारण ४ गिगाबाइट रॅम धरावी लागते. २०-३० टेराबाइट आणि एक सिस्टीम ॲडमिन असलेल्या ऑफिसला दोन नोडचं डीआरबीडी समजायला सोपं आणि रात्री दोन वाजता दुरुस्त करायलाही सोपं. शेकडो टेराबाइटकडे जायचं असेल तर मीच तुम्हाला सेफकडे पाठवीन. ग्लस्टरवर नवी उभारणी करू नका, रेड हॅटने आपल्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट २०२४ अखेर संपवला.

एक नोड पुण्यात, दुसरा मुंबईत ठेवला तर?

दोन शहरं साधारण १५० किलोमीटरवर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३०० किलोमीटरला दीड मिलिसेकंद. हे तार सरळ रेषेत असेल तर. मधल्या उपकरणांचा वेळ वेगळा. डीआरबीडीच्या सी प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक लिखाण दोन्ही डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. ज्या एसएसडीला ०.१ मिलिसेकंद लागतं तिथे आता प्रत्येक छोट्या लिखाणाला पंधरापट. डेटाबेस यावर रांगतो. त्यामुळे जोडी एकाच आवारात, शक्य तर दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, आणि मुंबईला ए प्रोटोकॉलने मागाहून जाणारी तिसरी प्रत. शेवटचे काही सेकंद तिथे नसतील, हे मालकाला आधी सांगा आणि लेखी घ्या.

दोन प्रती आहेत, म्हणजे बॅकअप नको ना?

हवा. कोणी चुकून फोल्डर उडवलं की ते दुसऱ्या नोडवरूनही त्याच मिलिसेकंदात उडतं. रॅन्समवेअरने फाइली बंद केल्या तर दोन्हीकडे बंद. क्लस्टर यंत्राच्या बिघाडासाठी आहे, माणसाच्या चुकीसाठी नाही. रोजचा बॅकअप तिसऱ्या जागी, आणि महिन्यातून एकदा त्यातून एक फाइल खरोखर परत आणून बघा.

क्लस्टर चालतंय हे कसं ओळखायचं?

तोडून. सिस्टमडीने सेवा बंद करून पाहणं ही चाचणी नव्हे, तो फक्त शिस्तीतला निरोप. नेटवर्क कार्ड कमांडने डाऊन करणंही नव्हे, खरा बिघाड तसा होत नाही. मी हस्तांतराच्या आधी पूर्ण दिवस मागतो. भोसरी-चिंचवडकडे बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात, तो दिवस सोयीचा.

एका क्लायंटवर छोटी स्क्रिप्ट चालू ठेवतो. ती दर सेकंदाला वेळेची एक ओळ लिहिते आणि दर मिनिटाला एक मोठी फाइल लिहून तिचा चेकसम नोंदवते. मग सुरुवात. चालू नोडच्या दोन्ही पॉवर वायर ओढायच्या. तो आला की सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश द्यायची सोय) कर्नल पॅनिक करायचा. मग कोरोसिंकची प्रोसेस जागेवर मारायची. मग फक्त प्रतिकृतीची केबल. मग फक्त ऑफिसचा स्विच. मग दोन्ही एकदम, ही शर्यतीची चाचणी, इथे एकच नोड उरायला हवा. शेवटी आयपीएमआयची केबल आधी काढून मग नोड पाडायचा, म्हणजे पीडीयूची पायरी खरोखर चालते का ते कळतं. प्रत्येक वेळी ओळींमधलं अंतर मोजायचं, चेकसम जुळवायचे, आणि आकडे कागदावर. सोबत तुमचा माणूस हवा, आणि निम्म्या चाचण्या त्यानेच त्याच्या हाताने करायच्या. वायर ओढताना हात थरथरतो. तो थरथराट गुरुवारी दुपारी झालेला बरा.

अपडेट कधी आणि कसे?

एका वेळी एक नोड. आधी स्टँडबाय, सेवा दुसरीकडे गेली आणि डीआरबीडी दोन्हीकडे 'अपटुडेट' दिसलं, मग अपडेट, रीबूट, पुन्हा अपटुडेटची वाट, मग दुसरा. ९.३ वरून ९.४ सारखी उडी असेल तर नव्या कर्नलला जुळणारं डीआरबीडी मॉड्यूल आलंय का ते आधी बघा. नसेल तर थांबा.

रोज काय पाहायचं?

डीआरबीडीची दोन्ही बाजूंची स्थिती, पेसमेकरमधली अपयशी कामं, आणि फेन्सिंग उपकरणं उत्तर देतात का. हे तिन्ही फोनवर अलर्ट म्हणून यायला हवेत. एके ठिकाणी दुसऱ्या नोडची प्रत पाच महिने तुटलेली होती. सगळं सुरळीत होतं, म्हणून कोणी पाहिलं नाही. पहिला नोड त्या काळात पडला असता तर दुसऱ्याकडे पाच महिन्यांपूर्वीचा कारखाना होता.

एवढं करूनही स्प्लिट ब्रेन झालाच तर?

आधी हात बाजूला. डीआरबीडीने जोडणी स्वतः तोडून ठेवली आहे, ती घाईने जोडू नका. क्लायंट कोणत्या नोडवर लिहीत आहेत ते पाहा आणि तेवढा एकच चालू ठेवा, दुसरा सेकंडरी करा.

आता टाकायची बाजू ठरवण्याआधी तिच्या एलव्हीएम व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या. डीआरबीडी एलव्हीएमवर ठेवायचं कारण हेच. डीआरबीडीची स्वतःची माहिती व्हॉल्यूमच्या शेवटी असते, त्यामुळे स्नॅपशॉट थेट माउंट होतो. एक्सएफएसला नो-यूयूआयडी हा पर्याय द्यावा लागेल, नाहीतर एकाच ओळखीच्या दोन फाइल सिस्टीम म्हणून तो नकार देऊ शकतो. नेटवर्क तुटल्याच्या वेळेनंतर बदललेल्या फाइली शोधा आणि दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवा.

मग त्या नोडवर डीआरबीडी-ॲडमची कनेक्ट कमांड, 'माझा डेटा टाक' या पर्यायासह. चालू बाजूने जोडणी सोडून दिली असेल तर तिथेही साधं कनेक्ट. फक्त बदललेले ब्लॉक परत येतात, बहुतेक वेळा काही मिनिटांत. ते चालू असताना उचलून ठेवलेल्या फाइलींची यादी छापा, आणि प्रत्येक फाइलच्या मालकाकडे जाऊन विचारा की यातली कोणती हवी.